‘सिफर’ वगळून लकी अलीचे मोजमाप नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातील इंडीपॉपवर सुरू असलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून आवर्जून वाचत आहे. अलिशा चिनॉय आणि दलेर मेहंदी यांच्यावरील भाग उत्तम उतरले होते आणि ‘कलोनियल कझिन्स’वरील भाग तर कात्रण करून ठेवावा असा होता. लकी अलीवरील भागातून निघणारा निष्कर्ष मात्र मला मान्य होण्यासारखा नाही. त्याने १९९६ मध्ये ‘सुनो’ हा एक चांगला अल्बम दिला, ‘ओ सनम’मुळे तो घरोघरी पोहोचला, मग चित्रपटांनी त्याला ओढून नेले आणि पुढचे अल्बम म्हणजे पहिल्याचीच उजळणी ठरली, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. १९९८ च्या ‘सिफर’ला तर त्यात नामोल्लेखापलीकडे जागाच मिळालेली नाही. माझ्या मते ‘सिफर’ हाच त्याचा सर्वांत पक्व अल्बम असून तो बाजूला ठेवल्यामुळेच लेखातला पुढचा सगळा हिशेब चुकत गेला आहे. (लाडक्या गायकाचा उल्लेख एकेरीत करण्याची आपल्याकडे रीतच आहे, त्यात अनादर नाही, हे संपादक जाणतातच.)

‘सुनो’चे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. तो अल्बम आला तेव्हा आजूबाजूला काय वाजत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वेगळेपण कळते. अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदीचे ‘बोलो ता रा रा’ आदल्याच वर्षी गाजले होते; पॉप म्हणजे ठेका, चमकदार कपडे आणि लग्नाच्या वरातीत वाजेल असा जोश, असे समीकरण तयार होत होते. त्या गदारोळात मेहमूदसारख्या विनोदवीराचा मुलगा, वयाची अडतिशी गाठल्यावर, एक गिटार घेऊन जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा गाऊ लागला. ‘ओ सनम’चा इजिप्तमध्ये चित्रित झालेला, महेश मथाई यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ आमच्या गल्लीत केबलवर दिवसातून कितीदा लागे, याची गणतीच नव्हती. पिरॅमिड आणि वाळवंट पाहायला घरातली वडील मंडळीही थांबत आणि गाणे संपेपर्यंत कोणी चॅनल बदलत नसे, हे त्या काळी मोठेच यश म्हणायला हवे.

तरीही अल्बम म्हणून ‘सुनो’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला की त्यात एक चाचपडलेपण जाणवते. काही गाण्यांत गायकाला आपला आवाज सापडला आहे, तर काहींत तो त्या वेळच्या प्रचलित पॉपशी जुळवून घेताना दिसतो. ‘ओ सनम’ इतके उंच उभे राहते की बाकीची गाणी त्याच्या सावलीत जातात आणि श्रोता कॅसेट मागे-पुढे करून तेवढेच गाणे ऐकत बसतो. माझ्या ‘सुनो’च्या कॅसेटची फीत नेमकी त्याच जागी विरली होती आणि पुढे पुढे त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज गटांगळ्या खाऊ लागला होता.

‘सिफर’चे तसे नाही. त्यातले ‘देखा है ऐसे भी’ हे गाणे लोकांना सर्वाधिक ठाऊक आहे. परंतु ते आजूबाजूच्या गाण्यांना झाकोळत नाही, उलट त्यांच्याकडे घेऊन जाते. या गाण्यात लकी अली ओळीच्या शेवटी स्वर ताणून धरत नाही. शास्त्रीय बैठकीचा गायक जिथे सम गाठल्याचे समाधान देईल, किंवा चित्रपटाचा पार्श्वगायक जिथे भावना भरेल, तिथे हा गडी ओळ सहज सोडून देतो आणि उरलेले काम गिटारवर सोपवतो. आवाज थोडा खरखरीत आहे, थोडा नाकातला आहे, मधूनमधून श्वास ऐकू येतो, आणि यांपैकी काहीही लपवण्याचा प्रयत्न ध्वनिमुद्रणात केलेला नाही. ‘सुनो’मध्ये हा आवाज नवलाईचा वाटला होता, ‘सिफर’मध्ये तो सराईत झाला आहे. आपल्या आवाजाला काय जमत नाही हे ज्याला नेमके कळले आहे, अशा गायकाचा तो अल्बम आहे. जमत नाही त्या वाटेला न जाता, जमते तेवढ्याच परिघात तो इतका मोकळा वावरतो की ऐकणाऱ्याला त्या परिघाचा विसर पडतो.

वाद्यांबाबतही तेच म्हणता येईल. नव्वदच्या दशकातील आपल्याकडचे बहुतेक पॉप अल्बम आज ऐकवत नाहीत, याचे मुख्य कारण त्यांतले कीबोर्ड आणि यांत्रिक ताल हे आहे. त्या वेळी जे अत्याधुनिक होते तेच आज सर्वांत जुनाट वाटते. ‘सिफर’मध्ये गिटारला मध्यवर्ती जागा आहे, बाकीची वाद्ये आपापल्या पायरीने येतात आणि काम झाले की निघून जातात. आजही तो अल्बम चांगल्या हेडफोनवर लावला, तर वाद्यांच्या मधली मोकळी जागा ऐकू येते.

इथेच आपल्या लेखातील सर्वांत मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. संपूर्ण पान भरेल एवढ्या त्या मजकुरात गीतकार सय्यद असलम नूर आणि न्यूझीलंडचे संगीतकार मायकी मॅक्लिअरी यांची नावे एकदाही आलेली नाहीत. ‘ओ सनम’चे शब्द नूर यांचे आहेत, आणि या दोन्ही अल्बमचा नाद घडवण्यात मॅक्लिअरी यांचा वाटा मोलाचा आहे. लकी अलीच्या गाण्यांतला तो भटका, स्वतःलाच प्रश्न विचारणारा, तक्रार न करणारा माणूस मोठ्या प्रमाणात नूर यांच्या शब्दांतून उभा राहिला. त्यांची भाषा साधी, बोलीतली हिंदुस्थानी आहे. तीत ना जड उर्दूचा दिखाऊपणा आहे, ना त्या काळच्या पॉपमधली इंग्रजी ठिगळे. सोलापूरकरांच्या कानाला ती परकी वाटली नाही, यात नवल नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच चौकात ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला ती शेजारच्या घरातली भाषा वाटली. मॅक्लिअरी पुढे मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांनी जुन्या हिंदी गाण्यांना दिलेले नवे रूप, उदाहरणार्थ २०११ च्या ‘शैतान’मधील ‘खोया खोया चाँद’, बरेच गाजले. तीच हातोटी, म्हणजे चाल मोडू न देता तिच्याभोवतीची गर्दी कमी करण्याची, ‘सिफर’मध्ये आधीच दिसते. गायकाचे छायाचित्र चार रकान्यांत छापायचे आणि गीतकाराला एक ओळही द्यायची नाही, ही आपल्या पत्रकारितेची जुनी खोड आहे. ती निदान संगीतावरच्या लेखमालेत तरी नसावी.

चित्रपटांनी लकी अलीला पळवले, हा लेखातील दुसरा मुद्दा. २००० च्या ‘कहो ना... प्यार है’मधील ‘एक पल का जीना’ आणि ‘ना तुम जानो ना हम’ ही गाणी राजेश रोशन यांची असून त्यांपैकी दुसऱ्या गाण्यासाठी लकी अलीला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, हे खरे आहे. परंतु हे घडले तेव्हा ‘सुनो’ आणि ‘सिफर’ येऊन गेलेले होते. हिंदी चित्रपटाने त्याचा आवाज बदलला नाही. अल्बमनी घडवलेला आवाज जसाच्या तसा उचलून तो एका नव्या नायकाच्या तोंडी दिला. गंमत अशी, की त्यामुळे गाणे प्रसिद्ध झाले आणि गायक मागे पडला. आपल्या शहरात हल्ली कराओकेचे कार्यक्रम जवळजवळ दर आठवड्याला होतात. त्यांत ‘ना तुम जानो ना हम’ हमखास असते आणि निवेदक ते ‘हृतिक रोशनचे गाणे’ म्हणूनच जाहीर करतो. गाणारा हौशी कलाकारही मग लकी अलीने जिथे ओळ सोडून दिली आहे तिथे जोर लावून टाळ्या घेतो, आणि गाण्याचा जीवच निघून जातो.

२००१ चा ‘अक्स’ मला आवडतो, परंतु तो ‘सिफर’च्या तोडीचा नाही. त्यातले ‘तेरे मेरे साथ’ लाघवी आहे, पण संपूर्ण अल्बम ऐकताना ही वाट आपण आधी चाललो आहोत असे वाटत राहते. पुनरावृत्तीचा आरोप करायचाच असेल तर तो इथे लागू पडेल, आणि तोही अर्धाच. कविता कृष्णमूर्ती यांच्याबरोबरचे ‘गोरी तेरी आँखें’ हे अर्थातच गोड आहे. पण दोन आवाजांची जात इतकी भिन्न आहे की एक गायिका सफाईने गात आहे आणि शेजारी एक मुशाफिर आपल्याच तंद्रीत आहे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते मला अजूनही मजेशीर वाटते. २००२ च्या ‘सूर’ या चित्रपटात त्याने संगीतशिक्षकाची प्रमुख भूमिका केली, एम. एम. क्रीम यांच्या चाली त्याला शोभल्या, मात्र तो प्रांत वेगळा असल्याने त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

२००४ च्या ‘कभी ऐसा लगता है’बद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या लेखकाने तो ‘उतरणीचा’ अल्बम ठरवला आहे. त्या वेळी आमच्या घरी यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. माग सुरू असताना कारखान्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग गाणे कुठले. कामगार जी गाणी लावत ती ठेक्यावरच तग धरत. वीज गेली की एकेक माग मंदावत थांबे, धोट्याची खटखट विरे, आणि सेलवर चालणाऱ्या टेपचा आवाज एकदम भरून येई. या अल्बमचे शीर्षकगीत मी पहिल्यांदा नीट ऐकले ते असे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा थकवा त्यात आहे, पण तो थकवा नाटकी नाही. त्याला उतरण म्हणायचे, तर वय झालेल्या प्रत्येक गायकाच्या गाण्याला तसेच म्हणावे लागेल. ‘सिफर’मधला माणूस वाट शोधत होता, इथे तो रस्त्याच्या कडेला बसून आलेल्या वाटेकडे पाहत आहे. अल्बममधली दोन-तीन गाणी भरतीची आहेत, हे मी मान्य करतो. परंतु शीर्षकगीतापुरता तरी तो ‘अक्स’च्या पुढे गेला आहे, असे माझे मत आहे.

पुढील अल्बम, म्हणजे २००९ चा आणि त्यानंतर २०११ चा ‘रास्ता मॅन’, यांच्यापर्यंत फारच थोडे श्रोते पोहोचले. तोवर कॅसेटची दुकाने मोबाइलची कव्हरे विकू लागली होती. नव्या पेठेत जिथे आम्ही नवा अल्बम आला का म्हणून विचारायला जात असू, तिथे गाणी मेमरी कार्डात भरून मिळू लागली. मेमरी कार्डात अल्बम राहत नाही. सुटी गाणी राहतात, तीही नावांची मोडतोड होऊन. अशा काळात दहा गाण्यांचा एक सलग विचार करणाऱ्या कलाकाराचे नुकसान होणारच, आणि ते त्याच्या गुणवत्तेवर ढकलणे न्यायाचे नाही. अधूनमधून चित्रपटात तो भेटत राहिला. ‘बचना ऐ हसीनो’मधले ‘आहिस्ता आहिस्ता’ किंवा ए. आर. रहमान यांचे ‘तमाशा’मधले ‘सफरनामा’ ऐकले की आवाजाची जात तीच असल्याची खात्री पटे.

२०२० च्या अखेरीस गोव्यात गिटार घेऊन ‘ओ सनम’ गाणाऱ्या, पांढऱ्या दाढीतल्या लकी अलीचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. आपल्या लेखाचा शेवटही त्यावरच झाला आहे. त्या व्हिडिओने अनेकांना आपले तरुणपण आठवले, याचा आनंदच आहे. परंतु त्यातून पुन्हा तेच एक गाणे वर आले आणि बाकीचे अल्बम होते तिथेच राहिले. आज ‘सिफर’ मिळवायला कोणाला नव्या पेठेत हेलपाटे घालावे लागत नाहीत, तो मोबाइलवर सहज उपलब्ध आहे. त्यामुळे लेखमालेतून एखाद्या अल्बमची योग्य ओळख करून दिली, तर त्याच संध्याकाळी शेकडो वाचक तो ऐकू शकतात.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की लकी अलीवर आणखी एक छोटा भाग द्यावा, त्यात ‘सिफर’चा गाण्यागणिक विचार व्हावा आणि सय्यद असलम नूर व मायकी मॅक्लिअरी यांची नावे ठळकपणे छापली जावीत. पुढील रविवारी ‘सिल्क रूट’ या चमूवर लेख येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. तिथेही १९९८ च्या ‘बूँदें’मधील ‘डूबा डूबा’वर थांबू नये आणि २००० च्या ‘पहचान’लाही निदान अर्धा रकाना द्यावा, असे आपल्या लेखकांना कळवावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर