गणांच्या प्रस्ताराने सोडवलेले कोष्टक : सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आपल्या घरी मी पॅनेलच्या तपासणीच्या कोष्टकाचा जो गुंता घेऊन आले होते, तो सुटला आहे. त्याबद्दल आपले मनापासून आभार मानावेत आणि तो कसा सुटला हे अशाच कामात अडलेल्या इतरांनाही वाचता यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

अंबडच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे कंट्रोल पॅनेल तयार होतात. त्यांतल्या एका पॅनेलला सात इनपुट होते आणि प्रत्येकाची स्थिती शून्य किंवा एक, म्हणजे तपासायच्या जुळण्या १२८. मी त्या एक्सेलमध्ये हाताने भरल्या होत्या आणि ओळी मोजून १२८ भरल्या, एवढ्यावरच निश्चिंत झाले होते. आपण मात्र उभ्या स्तंभांच्या बेरजा करायला सांगितल्या. प्रत्येक स्तंभाची बेरीज ६४ यायला हवी होती. पाचव्याची ६५ आली. एक ओळ दोनदा लिहिली गेली होती आणि तिच्याहून फक्त पाचव्या जागी वेगळी असलेली ओळ राहून गेली होती. पाचवा स्तंभ दरवाजा उघडा की बंद हे सांगणाऱ्या लिमिट स्विचचा. दरवाजा उघडा आणि स्टार्टचे बटण दाबलेले, नेमकी हीच स्थिती तपासणीतून निसटत होती. ती ओळ सापडली तेव्हा अंगावर काटा आला, हे आपल्याला त्या वेळी बोलून दाखवता आले नाही.

पुढे नम्पायमध्ये (पायथन या संगणकभाषेच्या गणिती साधनसंचात) तेच कोष्टक बनवायला मी एकात एक असे सात फॉर लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या आज्ञा, लिहिले होते. आठवा इनपुट आला की आठवा लूप. त्यावर आपण दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर छंदःशास्त्रकार पिंगलाच्या क्रमाने आठ गण (लघु-गुरु अक्षरांचे तीन-तीनांचे गट) एकाखाली एक लिहिलेत : म, य, र, स, त, ज, भ, न. गुरूला शून्य आणि लघूला एक म्हटले, की पहिली जागा प्रत्येक ओळीला बदलते, दुसरी दर दोन ओळींनी, तिसरी दर चार ओळींनी. शाळेत ‘यमाताराजभानसलगम्’ घोकताना हा प्रस्तार, म्हणजे सगळ्या जुळण्यांची क्रमवार मांडणी, कधी दिसलाच नव्हता. शून्यापासून मोजले तर ‘ज’ पाचवा. पाच विषम म्हणून एक, निम्मे करून उरलेले दोन सम म्हणून शून्य, मग एक : लघु, गुरु, लघु. म्हणजे ओळीचा क्रमांक हीच ओळ असते. ती रचावी लागत नाही, वाचावी लागते.

आता प्रोग्रॅममध्ये उभ्या स्तंभात ० ते १२७ आणि आडव्या ओळीत ० ते ६ असतात; प्रत्येक संख्या तितके बिट (द्विमान अंक) उजवीकडे सरकवून तिचा शेवटचा बिट घेतला, की ब्रॉडकास्टिंगने, म्हणजे स्तंभ आणि ओळ आपोआप एकमेकांशी जुळवण्याच्या नम्पायच्या सोयीने, सगळे कोष्टक एका ओळीच्या कोडमध्ये उभे राहते. आठव्या इनपुटासाठी फक्त ७ च्या जागी ८ लिहावे लागले. (ऑक्टेव्ह या गणिती संगणकभाषेत संख्येचे द्विमान रूप अक्षरांत काढून त्यातून ‘०’ हे अक्षर वजा केले तरी चालते, मात्र तिथे मोठ्या स्थानाचा अंक आधी येतो.)

क्रमांकावरून ओळ काढण्याला छंदःशास्त्रात ‘नष्ट’ म्हणतात आणि ओळीवरून क्रमांक काढण्याला ‘उद्दिष्ट’, हे आपण सांगितलेत. त्यातले दुसरे मला अधिक मोलाचे वाटते. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा जुळल्या तरी खात्री होत नाही. पण प्रत्येक ओळीला १, २, ४, ८ अशा स्थानमूल्यांनी गुणून, बेरीज करून मिळालेले क्रमांक चढत्या क्रमाने लावले आणि आठ इनपुटांच्या कोष्टकात ० ते २५५ प्रत्येक एकदाच आला, तर शंकेला जागा उरत नाही. ही तपासणी मी आता प्रत्येक कोष्टकावर चालवते.

सध्या २० इनपुटांचे पॅनेल हातात आहे. त्याच्या ओळी १०,४८,५७६ होतात. आठ बाइटच्या दशांश संख्यांत ठेवल्यास कोष्टकाला १६ कोटींहून अधिक बाइट लागतात, एका बाइटच्या पूर्णांकांत दोन कोटींच्या आसपास. आपल्या शिकवणीप्रमाणे मी ते साठवलेलेच नाही; क्रमांक पुढे सरकतो, त्याची ओळ तयार होते, तपासली जाते आणि पुढचा क्रमांक येतो.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
नाशिक