आई, बाबा मुद्दाम करत नाहीयेत

ती. आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि आई तू आज भाजी काय केलीस तिथे पोचतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आई, आधी तुझ्याशी बोलते. सिलेंडर बुक करताना ओटीपी येईपर्यंत बाबा काय करत होते तेच विसरतात, सोसायटीचा हिशोब जो ते तोंडी करायचे तो आता तीनतीनदा मांडूनही जुळत नाही, आणि तू म्हणतेस यांचं लक्षच नसतं, मुद्दाम करतात. मुद्दाम नाही गं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी वाड्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं हे ते अजून छातीठोक सांगतात ना? जुनं सगळं जागेवर आहे. बाबांना आहे तसल्या किडनीच्या आजारात बऱ्याच जणांचं असंच होतं, लक्ष टिकणं, विचारांचा वेग, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं हे आधी ढिलं पडतं.

किडनीचा आणि डोक्याचा काय संबंध असं बाबा विचारणारच. हृदयातून निघालेल्या रक्तातला पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच दोन किडन्यांना जातो, आणि मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के पण त्यालाही रक्त भरपूर लागतं. दोन्हीकडे अगदी बारीक रक्तवाहिन्या, आणि वर्षानुवर्षं बीपी नि शुगर जास्त राहिली की दोन्हीकडच्या खराब होतात, एकाच टाकीवरचे दोन नळ म्हणा. म्हणून लघवीतून प्रोटीन जातंय का ती एसीआरची टेस्ट मी इतकी मागे लागून करायला सांगतेय, ३० च्या वर आली तर बारीक वाहिन्यांना त्रास होतोय असा तो इशारा असतो. त्यात किडनी नीट चालत नसली की रक्त तयार करायचा निरोप देणारं हार्मोन कमी पडतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि मग माणूस दुपारभर पेंगतो. आपण म्हणतो आळशी झालेत.

आता बाबा तुम्ही. क्रिएटिनिन १.७ चं १.५ झालं म्हणून तुम्ही कॉलनीत सगळ्यांना सांगून आलात. मला आनंद झाला असता, पण क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तो येतो स्नायूंमधून, आणि तुमची पँट पट्ट्याशिवाय राहत नाहीये. स्नायू झडले की आकडा कागदावर सुधारल्यासारखा दिसतो, किडनी होती तिथेच असते. १.७ ला तुमचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, ४२ आला होता, म्हणजे तिसऱ्या स्टेजचा दुसरा अर्धा भाग. ही डायलिसिसची स्टेज नाही, पण दुर्लक्ष करायचीही नाही. डॉक्टरांना सिस्टॅटिन सी नावाच्या टेस्टबद्दल विचारू, तिच्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी होतो.

आणि पाय. तळजाईला चढताना मध्ये दोनदा थांबता ते फक्त वयामुळे असेलच असं नाही. किडनी बिघडली की रक्तात आम्ल साठतं आणि ते स्नायू खातं, ड जीवनसत्त्व कामाला लागत नाही, भूकही मरते. डायनिंगच्या खुर्चीवर बसून, हात छातीवर बांधून पाच वेळा उठून बसा, आई घड्याळ धरेल. १५ सेकंदांच्या वर गेलं तर पायातली ताकद कमी झालीये समजा, ते डॉक्टरांना सांगायचं. खुर्ची भिंतीला टेकवून करून बघा, शौर्य नको.

आई, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तू वरण, मूग सगळं बंद केलंस ना, ते आधी सुरू कर. प्रोटीन बेताने घ्यायचं असतं, साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे बाबांच्या ५८ किलोला ४६ ग्रॅमच्या आसपास, शून्य नाही. या वयात उपाशी ठेवलं तर उरलेले स्नायूही जातील. नक्की किती ते डाएटिशियनला विचारू. लोणचं-पापड मात्र खरंच कमी करा, आणि ते लो सोडियम मीठ आणलंयस ते परत कर, त्यात पोटॅशियम असतं, किडनीवाल्यांना ते महागात पडू शकतं. स्टारफ्रूट तर अजिबात नको, अशा पेशंटना त्याने उचक्या लागतात, भ्रम होतो, फिट्ससुद्धा येतात.

गुडघ्यासाठी बाबा मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतात हे मला माहितीये, लपवू नका, त्या गोळ्या किडनीला बाधतात. पायाच्या मुंग्यांवरची प्रीगॅबालिन किडनीतूनच बाहेर पडते, डोस जास्त झाला तर साठून चक्कर, झोप, गोंधळ, पडणं, सगळं होतं. तुमच्या विसरण्यात तिचा हात किती हे डोस बघितल्याशिवाय कळणार नाही, पण स्वतःहून एकदम बंद करू नका. बी१२ आणि थायरॉइडही तपासून घेऊ, शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन घेतोय म्हटल्यावर बी१२ कमी निघालं तर नवल नाही, आणि ते भरून काढता येतं.

एक लक्षात ठेवा, बाबा एकदोन दिवसांत अचानक बरळायला लागले किंवा खूप सुस्तावले तर "वय झालं" म्हणत बसू नका, रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठा आणि मग मला फोन करा. ताप, युरिन इन्फेक्शन, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणं, काहीही कारण असू शकतं, आणि बऱ्याचदा लगेच उपचार झाले तर माणूस सावरतो.

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, मी बुधवारी रात्रीच वाकडहून येते. आई, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, काढ्याच्या बाटलीसकट, एका पिशवीत भरून ठेव. बाबा, डॉक्टर पैशांचे हिशोब, तारखा असले प्रश्न विचारतील, चिडू नका, परीक्षा नाहीये ती.

तुमची,
मनू