पहिलीच्या पालकांसाठी : सोमवारची आठवण

मंडळी, सोमवारी शाळा सुरू. पहिलीवाल्यांचा प्रवेशोत्सव आहे म्हणून सकाळी साडेनऊला गेटवर या, आणि कृपया विदर्भातल्या शाळांचं वेळापत्रक इथे फॉरवर्ड करू नका, उन्हामुळे तिकडच्या शाळा आपल्यानंतर उघडतात, काल त्यावरून अर्धा ग्रुप गोंधळला. बालभारतीची पुस्तकं शाळेतच फुकट मिळणारेत, दुकानातून आणायची घाई नको. दुपारची खिचडीही तिथेच, फक्त पाण्याची बाटली, ताटली आणि रेनकोट द्या, तिन्हीवर नाव टाका, कारण निळे रेनकोट निम्म्या वर्गाचे असतात.

पँट शक्यतो इलॅस्टिकची घाला. हुक निघत नाही आणि बाईंना सांगायची लाज वाटते, मग व्हायचं ते होतं.

आता महत्त्वाचं. पोराला वर्गात सोडलं की निघा बरं का, खिडकीशी उभं राहू नका. माझ्या थोरलीच्या वेळी मी गजाआडून बघत होते, ती माझ्याकडे बघून हुंदका द्यायची, मान वळवून शेजारच्या मुलीचा खोडरबर बघायची, परत मी दिसले की परत भोंगा. शेवटी बाईंनी खिडकीचं दार लोटून घेतलं आणि आतला आवाज बंद! रडत मात्र मीच होते बाहेर. आजी-आजोबांनाही हे घरूनच सांगून आणा, ते जास्त अवघड केस असतात.

सुटायची वेळ बाई त्याच दिवशी सांगतील, मी लगेच इथे टाकते.