क्लब वाचला म्हणता, पण ग्राउंड आणि कर्ज कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर मध्यंतरी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल फाल्कन्स या रग्बी क्लबची छोटी बातमी होती, रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने क्लब घेतला, बुडता क्लब तरला, आता पैसाच पैसा, असा एकूण सूर. नाशिकमध्ये रग्बीची बातमी वाचणारे किती असतील देव जाणे, पण मी एक आहे. मास्टर्सला न्यूकॅसलला होतो तेव्हा फुटबॉलची तिकिटं ना मिळायची ना परवडायची, म्हणून रूममेटसोबत किंग्स्टन पार्कला रग्बी बघायला जायला लागलो आणि मग त्याचंच वेड लागलं. जेमतेम दहा हजारांचं स्टेडियम, वारा असा की हातातल्या चिप्सवरची ग्रेव्ही दोन मिनिटांत गार, आणि मॅच संपली की प्लेअर रेलिंगपाशी येऊन लोकांशी निवांत गप्पा मारणार. हरले तरी.

आणि हरायचे पण किती! २०२३-२४ च्या सीझनला तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये १८ पैकी १८ मॅच हरले. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसेवाला मालक आला ते बरंच झालं, याबद्दल माझा वाद नाही. मालक न मिळाल्यावर काय होतं ते त्या लीगने बघितलंय. २०२२-२३ च्या सीझनच्या सुरुवातीला १३ क्लब होते, संपेपर्यंत वूस्टर आणि वास्प्स गेले, मग जून २०२३ मध्ये लंडन आयरिश, राहिले १०. वास्प्स तर १८६७ चा क्लब हो. मालकांनी २०१४ मध्ये उचलून कॉव्हेंट्रीला नेला, तिथलं मोठं स्टेडियम घेतलं, त्यासाठी साडेतीन कोटी पौंडांचे बॉन्ड काढले, त्यात फॅन लोकांनीपण पैसे टाकले, आणि २०२२ मध्ये ते परत द्यायची वेळ आली तेव्हा तिजोरीत काही नाही. स्टेडियम दुसऱ्याच कंपनीकडे गेलं, क्लब रस्त्यावर.

तुमच्या बातमीत एक वाक्य होतं की काही फॅन्स नाव बदलल्यामुळे नाराज आहेत, म्हणजे जणू उगाच कुरकुर करतायत. नावाचं दुःख आहेच, फाल्कन्सचं रेड बुल्स झालं, एनर्जी ड्रिंकचा डबा छातीवर घेऊन फिरायचं. ह्याच कंपनीने २००५ मध्ये साल्झबर्गचा फुटबॉल क्लब घेतला तेव्हा १९३३ पासूनचा जांभळा रंग काढून टाकला, फॅन्स भांडले तर म्हणे गोलकीपरच्या मोज्यांवर ठेवू जांभळा! लोक चिडले आणि स्वतःचा वेगळा क्लब काढून पार सातव्या डिव्हिजनपासून खेळायला लागले. आता खरं सांगायचं तर कंपनीच्या क्लबने पुढे सलग १० वेळा ऑस्ट्रियाची लीग जिंकली, तेही लपवण्यात अर्थ नाही.

पण न्यूकॅसलच्या जुन्या फॅन्सना नावाचं एवढं काही वाटत नाही, कारण फाल्कन्स हे नावसुद्धा मालकानेच दिलेलं. मूळ क्लब गॉस्फोर्थ, १८७७ चा, जर्सी हिरवी-पांढरी. १९९५ मध्ये तिथल्या फुटबॉल क्लबचे मालक सर जॉन हॉलनी घेतला, नाव बदललं, रंग काळा-पांढरा केला, मोठमोठे प्लेअर आणले, १९९८ ला लीग जिंकली पण. आणि १९९९ मध्ये विकून मोकळे! आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गॉस्फोर्थच्या काळापासून मॅच बघणाऱ्या एक आजी आहेत, त्यांचा मुद्दा एवढाच की मालक येताना सगळेच गोड बोलतात, ह्याला कंटाळा आल्यावर आमच्याकडे काय उरणार ते सांगा. मला हे शंभर टक्के पटतं. आपण नाशिककर प्लॉट घेताना आधी सातबारा बघतो, गेटचा रंग नंतर, मग क्लबच्या बाबतीत उलटं का? किंग्स्टन पार्क २००८ मध्ये तिथल्या नॉर्थंब्रिया युनिव्हर्सिटीला विकलं होतं, २०१५ मध्ये परत घेतलं. घेणारी युनिव्हर्सिटी होती म्हणून परत तरी मिळालं, बिल्डर असता तर आज तिथे टू बीएचके असते.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पुण्याकडे बघा ना. आयपीएलचे पुणे वॉरियर्स २०११ ला आले, २०१३ ला गायब. सुपरजायंट दोन सीझन. फुटबॉलची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद, लायसन्स थेट हैदराबादला. आणि आपल्या सातपूरला ज्या महिंद्राच्या गाड्या बनतात त्यांची महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ची फुटबॉलची नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० मध्ये कंपनीने बंद केली, विषय संपला. ह्यातल्या एकाही टीमच्या फॅनला कोणी विचारलं नाही, कारण विचारायला त्याच्या नावावर काही नव्हतंच. ह्याउलट आपल्याकडची तालीम किंवा कबड्डीचं मंडळ घ्या, पत्रा गळत असेल, मॅट फाटलेली असेल, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, सभासद असतात, अध्यक्ष रुसला म्हणून मंडळ हैदराबादला जात नाही. (अध्यक्ष रुसतात, तो वेगळा विषय.)

जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगपण झाली, सहा टीम, सगळ्या फ्रँचायझी. मला आनंदच आहे, उद्या नाशिकची टीम आली तर पहिलं तिकीट मी काढीन. फक्त तुम्हाला विनंती की अशा बातम्या देताना क्लब किती कोटींना गेला हे छापायच्या आधी ग्राउंड कोणाच्या नावावर आहे आणि मालकाने टाकलेले पैसे भांडवल आहेत की क्लबच्या डोक्यावरचं कर्ज, एवढं दोन ओळीत द्या. जागा कमी पडत असेल तर क्रिकेटपटूंच्या लग्नाचे फोटो एक कॉलम कमी करा, आमची हरकत नाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक