शहर सोडणे म्हणजे हार नव्हे

महोदय,

शहरातील भरभराटीची नोकरी सोडून खेड्यात राहायला जाणाऱ्या माणसाकडे आपण एकतर हरलेला म्हणून पाहतो, नाहीतर त्याला संत करून टाकतो. माझ्या वडिलांच्या वाट्याला दोन्ही आले, म्हणून हे पत्र. हिशेब तपासणीच्या व्यवसायात त्यांचे उत्तम बस्तान बसले होते आणि बढतीही समोर दिसत होती. अशा वेळी त्यांनी शेतीचा निर्णय घेतला, तो कंटाळून किंवा भाबडेपणाने नव्हे. उत्पन्न दरमहा नव्हे तर हंगामाला येईल, तेही पावसाच्या मर्जीने, आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब, म्हणजे तिचा कस टिकवणारा कुजलेल्या पालापाचोळ्यातला अंश, वाढायला अनेक वर्षे जातील, याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. आजही ते जुन्या सवयीने रकाने आखून पावसाच्या नोंदी करतात आणि ओलावा तपासायला मूठभर माती दाबून तिचा गोळा टिकतो की फुटतो हे पाहतात.

या निर्णयाची किंमत घरातील इतरांनीही मोजली, विशेषतः आईने. कौतुक करणारे हे सोयीस्करपणे विसरतात. दवाखाना लांब, मुलांच्या शिक्षणाची ओढाताण, हे सारे खरेच होते. तरीही कमाईचा आलेख चढता असताना ‘आता पुरे’ म्हणण्याचे धैर्य मला कोणत्याही हुद्द्यापेक्षा मोठे वाटते. त्यांच्या या निवडीचा मला अभिमान आहे, आणि तो त्यांच्या हयातीतच जाहीरपणे सांगावा असे वाटले.

आपली नम्र,
एक वाचक