‘गव्हाळ’ आणि गैरसमज

माननीय संपादक,

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सदस्याने आपला फ्लॅट आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याने देण्याबाबत विचारले, तेव्हा ‘काळे लोक नकोत’ असे उत्तर आले. हा वर्णद्वेष आहे, एवढेच मी लिहिले. त्यावर रात्री साडेअकरापर्यंत जे संदेश येत राहिले, त्यांत त्या विद्यार्थ्याविषयी चकार शब्द नव्हता; होते ते ‘आम्हाला वर्णद्वेषी म्हणता?’, ‘इंग्रजांनी आम्हाला काय कमी छळले?’ आणि ‘माझी मुलगीही सावळीच आहे’. (त्याच मुलीच्या स्थळासाठीच्या माहितीपत्रकात मात्र ‘गव्हाळ’ लिहिले आहे, ते असो.) मी नावे ठेवली होती ती वाक्याला, माणसाला नव्हे, पण हा फरक ऐकून घेण्याइतका धीर कोणाला नव्हता.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आंबेडकरांना 1917 साली याच बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले, याची मी आठवण करून दिली. ‘जुनी मढी उकरू नका,’ असे उत्तर आले.

फ्लॅट अजून रिकामाच आहे. विद्यार्थ्याला कुठे जागा मिळाली का, हे गटावर कोणीही विचारलेले नाही.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा