‘कॉपीराइट-मुक्त’ नव्हे!

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवरचा लेख आवडला. लिनक्सच्या पलीकडे फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी अशी भावंडं आहेत, हे सहसा कुणी लिहीत नाही. पण त्यातलं एक वाक्य खटकलं. बीएसडी घराण्याचा (म्हणजे ‘बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’, बर्कली विद्यापीठात युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून वाढलेली शाखा) कोड ‘कॉपीराइट-मुक्त’ असल्यामुळे तो कुणीही उचलावा, असं त्यात म्हटलं आहे. उचलावा हे बरोबर. कॉपीराइट-मुक्त मात्र तो नाही, आणि हा नुसता शब्दाचा कीस नव्हे.

हक्क सोडूनच दिला असता तर परवाना लिहायची गरज काय होती? बीएसडी, एमआयटी, आयएससी हे परवाने सैल हाताचे खरे. त्यांचा मजकूर एका पानात मावतो. वापरा, बदला, विका, केलेले बदल कुणाला दाखवले नाहीत तरी हरकत नाही. फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर सोबत राहू द्या, आणि काही बिघडलं तर आमच्या दारात येऊ नका. लिनक्सचा परवाना जीपीएल पुढे जाऊन सांगतो की सुधारलेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही, त्याच अटींवर द्या. या दोन पंथांपैकी थोर कोण, या भांडणात मी पडत नाही. माणसं त्यात म्हातारी झालेली पाहिली आहेत.

पण ती एक ओळ किती महाग पडू शकते, हे बीएसडीच्याच इतिहासात दिसतं. १९९२मध्ये युनिक्सची मालकी असलेली, एटी अँड टीची उपकंपनी यूएसएल कोर्टात गेली; दावा होता बीएसडीचा कोड विकणारी बीएसडीआय ही छोटी कंपनी आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यावर. आरोप असा, की आमचा युनिक्सचा कोड तुमच्या वितरणात आहे. मग विद्यापीठानेही उलट दावा ठोकला. तुमच्या सिस्टीम फाइव्ह या युनिक्समध्ये आमचा कोड आहे आणि आमचा नामोल्लेख तुम्ही गाळलात, असं त्यांचं म्हणणं. १९९४मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी वगळाव्या लागल्या अवघ्या तीन. सत्तरेक फायलींवर यूएसएलची कॉपीराइटची ओळ आली आणि बाकी कोड मोकळा झाला.

हे सगळं मी वाचून होतो, तरी शहाणपण आलं नव्हतं. मी उपकरणांत बसणारं सॉफ्टवेअर लिहितो. एका जुन्या नोकरीत, माल बाहेर पडायच्या आदल्या आठवड्यात, सगळ्या फायलींचे माथे एकसारखे करा असा फतवा निघाला. मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक फायलीची सुरुवातीची टिप्पणी कापायची आणि तिथे कंपनीची ओळ चिकटवायची. काम दहा मिनिटांत झालं, मी खूश. शेजारच्या सहकाऱ्याने डिफ (काय कापलं ते लाल, काय घातलं ते हिरवं दाखवणारी बदलांची यादी) उघडला आणि विचारलं, “अरे, १९८२ साली आपण कुठे होतो?” नेटवर्कच्या एका फायलीत, लाल रंगात, कापली गेलेली ओळ होती: कॉपीराइट १९८२, १९८६, द रीजंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे त्याच विद्यापीठाचं नियामक मंडळ. तिच्याखाली हिरव्या रंगात आमच्या कंपनीचं नाव. त्या रात्री सगळं परत फिरवलं. त्याने डिफ उघडला नसता तर तसंच बाजारात गेलं असतं, हे कबूल करतो.

नाव राखण्याचाही अतिरेक होऊ शकतो, हे मान्य. जुन्या बीएसडी परवान्यात जाहिरातीतही विद्यापीठाचा उल्लेख करा, अशी अट होती. तिची नक्कल करत जो तो आपापलं नाव घालू लागला. १९९७च्या एका नेटबीएसडी आवृत्तीत अशी ७५ वाक्यं जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी मोजली होती. अखेर १९९९मध्ये विद्यापीठाने ती अट काढून टाकली. कोडसोबत नाव राखायची अट मात्र राहिली.

आणि परवाना जे मागत नाही तेही माणसाला हवं असू शकतं. इंटेलच्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनात, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या छोट्या संगणकात, मिनिक्स ही बीएसडीसारख्याच सैल परवान्याची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, हे २०१७मध्ये समोर आलं. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅननबॉम यांनी कंपनीला खुलं पत्र लिहिलं. त्यात तक्रार नव्हती. कळवण्याचं बंधन नव्हतंच, पण सौजन्य म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकंच ते म्हणाले. मला ते पत्र रागावलेल्या पत्रापेक्षा जास्त बोचलं.

तेव्हा लेखातला ‘कॉपीराइट-मुक्त’ हा शब्द पुढच्या अंकात दुरुस्त करावा, ही विनंती. ‘मूळ कॉपीराइट आणि परवान्याचा मजकूर राखून वापरायला मोकळा’ असं छापलं तरी पुरे. वाक्य लांबेल, पण तो लेख वाचून उद्या कुणी माझ्यासारखी स्क्रिप्ट लिहायला बसणार नाही.

आपला,
एक वाचक